झाकणाची आतली बाजू

अहमदाबादला साबरमतीच्या काठी, एलिस ब्रिजजवळ दर रविवारी गुजरी बाजार भरतो. तिथे गेल्या वर्षी मी साडेसहाशे रुपयांना एक लाकडी पेटी घेतली. सागवानी, दीड हात रुंद, मागून पुढे उतरत आलेल्या झाकणाची. जुन्या पेढ्यांवर मुनीम गादीवर मांडी घालून बसत आणि अशी पेटी पुढ्यात ओढून तिच्या झाकणावर चोपडा लिहीत. आत दौत, टाक, पावत्या. गुजरातीत तिला ढाळियुं म्हणतात; ढाळ म्हणजे उतार. एका कादंबरीचा अनुवाद करताना हा शब्द आला होता, तेव्हा ‘लिहायची उतरती पेटी’ असं लिहून मी सुटका करून घेतली होती. प्रत्यक्ष वस्तू हातात आली ती त्यानंतर सहा वर्षांनी.

पेटी मला माझ्यासाठी नको होती. पुण्यात भाचीचं लग्न ठरलं होतं आणि ताईने फोनवर बजावलं होतं, “रुखवतात दुकानातलं काही आणू नकोस हं. हातचं काहीतरी दे.” भरतकाम मला येत नाही, साखरेची तुळशीवृंदावनं तर त्याहून नाही. रंगकाम थोडंफार येतं. पेटीवरचा पोपडे धरलेला हिरवा ऑइलपेंट काढायचा, लांबी भरायची, प्रायमर मारायचा, वर कुसुंबी रंग आणि त्यावर पिवळी वेल, असा बेत होता. आठवड्याभराचं काम.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नये, एवढं मला माहीत होतं. त्यात शिसं असण्याची शक्यता बरीच असते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम २०१६ साली झाला आणि तो २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची भुकटी नाकातोंडात न गेलेली बरी. म्हणून मी गॅलरीत वर्तमानपत्रं पसरली, तोंडाला मास्क लावला, ऐंशी नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवला आणि घासायला बसले. बाहेरची बाजू दोन दिवसांत झाली. तिसऱ्या दिवशी झाकण उघडून आतली बाजू घेतली. तिलाही तोच हिरवा रंग होता. डावीकडून सुरुवात केली. थोड्या वेळाने वाडग्यातलं पाणी जांभळट दिसू लागलं. मला वाटलं, हिरव्याच्या खाली आणखी एखादा रंग असावा. मी पाणी बदललं आणि पुढे घासत राहिले.

झाकणाच्या मध्यावर आल्यावर हात दुखले म्हणून ओल्या फडक्याने पुसून बघितलं, तर उजवीकडच्या भागात, जिथे रंग नुकताच निघाला होता आणि लाकूड अजून खरवडलं गेलं नव्हतं, तिथे जांभळी अक्षरं उमटली होती. कॉपिंग पेन्सिलची. पूर्वी रेल्वेत, टपाल कचेरीत ती सर्रास असे. कोरडी असताना तिचं अक्षर साध्या पेन्सिलीसारखं करडं दिसतं आणि पाणी लागलं की जांभळं होतं, कारण शिसपेन्सिलीच्या गाभ्यात रंगद्रव्य मिसळलेलं असतं. म्हणजे वाडग्यातून मी जे मोरीत ओतलं होतं, ते अक्षरांचं पाणी होतं. झाकणाचा डावा अर्धा भाग स्वच्छ, गुळगुळीत, कोरा झाला होता. माझं काम चांगलं झालं होतं.

उरलेल्या अर्ध्यात नऊ ओळी आहेत. गुजराती लिपी, सराईत हात. डावीकडे नाव, उजवीकडे रक्कम. साडेतीन रुपये. सात रुपये चार आणे. एक रुपया दोन आणे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. जुन्या हातांची सवय त्यानंतरही काही वर्षं सुटली नाही, पण हिशोब साधारण त्या काळचा किंवा त्याआधीचा असणार. नऊपैकी सहा ओळींवर आडवी रेघ आहे. तीन ओळींवर नाही. बहुतेक नावं बायकांची. एका ओळीत तर नावच नाही, ती काय करायची एवढंच लिहिलं आहे: दळण दळणारी. घरोघरची दळणं दळून पोट भरणं हा गरीब बाईचा, बरेचदा विधवेचा, उद्योग होता. तिच्या नावापुढे दोन रुपये आहेत आणि त्यांवर रेघ नाही.

उरलेली आठ नावं मी इथे देत नाही. कारण पुढे येईल.

पुढच्या रविवारी मी विक्रेत्याला जाऊन गाठलं. पेटी कुठून आली? त्याने सांगितलं, खाडियातल्या कुठल्याशा पोळातलं जुनं घर उतरवत होते, तिथून भंगारवाल्याकडे आणि त्याच्याकडून आपल्याकडे. घर कोणतं ते त्याला ठाऊक नव्हतं. मी अक्षरांचं सांगितलं तेव्हा तो हसला. “लाकडुं वेच्युं छे बेन, चोपडो नहीं.” मी घेतली नसती तर पुढच्या महिन्यात फळ्या सुट्या करून विकल्या असत्या, सागाला गिऱ्हाईक असतं, हेही त्याने सांगितलं. म्हणजे मी पेटी वाचवली, असंही कुणी म्हणू शकेल.

तो गमतीने बोलला, पण बोलला ते अचूक होतं. साडेसहाशे रुपयांत मी लाकूड घेतलं होतं. ते कापायचा, रंगवायचा, जाळायचा अधिकार मला मिळाला. त्यावरचा हिशोब त्याने मला विकला नव्हता, कारण तो त्याचाही नव्हता. तो होता कुणा एका सावकाराचा किंवा दुकानदाराचा, आणि त्याच्याकडून पैसे नेलेल्या बायकांचा. जुन्या बाजारातली प्रत्येक वस्तू अशी दोन भागांची असते. एक भाग पैसे देऊन आपला होतो. दुसरा आपला होत नाही. तो वस्तूबरोबर फक्त आपल्या घरी राहायला येतो. पहिल्या भागाच्या मालकीचा कागद दाखवून दुसऱ्याची विल्हेवाट लावता येते का, एवढाच खरा प्रश्न आहे.

त्या आठवड्यात मी स्वतःची समजूत घालण्याचा एक प्रयत्न केला, तो सांगते, कारण तो माझ्या धंद्यातला आहे. मी मनाशी म्हटलं, अनुवादक दुसरं काय करतो? जुन्या मजकुरावर आपल्या भाषेचा रंग चढवतो. प्रत्येक पिढी जुनं घासते, नवं लिहिते. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही हे इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते वाक्य आपोआप मदतीला धावून आलं. आणि टिकलं नाही. मी गुजराती कादंबरीचा वाईट अनुवाद केला, तरी मूळ कादंबरी सुरतेच्या एखाद्या ग्रंथालयात जशीच्या तशी उभी असते. माझ्यानंतर येणारी अनुवादक माझं पुस्तक बाजूला सारून तिच्याकडे जाऊ शकते. माझ्या चुकीला वरचं न्यायालय आहे. पेटीला ते नाही. झाकण एकच होतं. ‘पुनर्लेखन’ हा मोठा शब्द वापरून मी या दोन गोष्टींतला फरक पुसत होते, आणि पुसण्याचं काम त्या आठवड्यात माझ्याकडून पुरेसं झालं होतं.

मग मन दुसऱ्या टोकाला गेलं. पेटीला आता हातच लावायचा नाही. रंग नको, वेल नको, रुखवत नको. अक्षरं आहेत तशी जपायची. पश्चात्तापात माणूस एकदम जतनवादी होतो, आणि त्यात एक सुखही असतं. हे सुख दोन-तीन दिवस टिकलं. मग मला तो हिरवा रंग आठवला.

अक्षरं हिरव्या रंगाखाली होती. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी ती झाकली होती. कुणी? मुलाने दुकान घेतल्यावर पेटी नवी दिसावी म्हणून सरसकट रंग मारला असेल. किंवा ज्याने उधारी लिहिली, त्यानेच. पक्का हिशोब चोपड्यात असतो; दिवाळीला त्याची पूजा होते, पहिल्या पानावर ‘श्री १।’ लिहून नवं वर्ष सुरू होतं. ही उधारी चोपड्यात नव्हती, झाकणाच्या आत होती. झाकण उघडलं की त्याला एकट्याला दिसेल, समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला दिसणार नाही, अशी. कदाचित या बायकांना चोपड्यात जागा देण्याइतकं तो मोजत नसेल. कदाचित चारचौघांत त्यांचं नाव निघू नये म्हणून त्याने ती तिथे ठेवली असतील. आणि एके दिवशी उरलेल्या ओळींवर रेघ मारण्याऐवजी त्याने सगळ्यावरच रंग फिरवला असेल. असं असेल, तर तो हिरवा थर ही या पेटीवरची सर्वांत चांगली गोष्ट होती, आणि मी ती पोपडे धरलेला जुना रंग म्हणून काढली.

हे खरं आहे की नाही, ते पेटी सांगत नाही. पण ही शक्यता नुसती असणंही पुरेसं आहे. तिच्यामुळे ‘सर्वांत खालचा थर तोच खरा’ हा हट्ट ढिला होतो. आपल्याला मुळाचं फार आकर्षण असतं. वरचं सगळं नंतरचं, म्हणून काढून टाकण्याजोगं.

वणीच्या सप्तशृंगीचं उदाहरण मला इथे आठवतं. देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला शेंदराचा लेप २०२२ साली उतरवण्यात आला आणि त्या वर्षीच्या नवरात्रात भाविकांना आतलं कोरीव रूप दिसलं. किती जणांना भरून आलं. माझी आई तो फोटो बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “सुंदरच आहे गं. पण मी जिला नवस बोलले ती ही नाही.” मूर्तीची काळजी म्हणून लेप उतरवणं योग्यच असेल, त्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मला आईचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. शेंदूर हा तिच्या लेखी देवीवरचा थर नव्हता. तो चढवणाऱ्या हजारो हातांसकट तीच देवी होती. कोणता थर मूळ, याचं उत्तर दगडात जितकं असतं, तितकंच बघणाऱ्याच्या आयुष्यात असतं.

मग रंगवणारीने करायचं काय? सगळेच थर पवित्र मानले, तर कुठल्याच वस्तूला हात लावता येणार नाही आणि जुनी लाकडं फळ्या होऊन विकली जातील. कुठलाच थर मोलाचा मानला नाही, तर मी त्या तिसऱ्या दिवशी केलं तेच करत राहायचं.

मला वाटतं, रंग चढवण्यात दोष नसतो. तो असला तर रंग चढवून काय सांगितलं जातं त्यात असतो. छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या संखेड्याला खरादी लोक सागाचे पाय कातून त्यांवर कथलाची नक्षी काढतात, अकिकाने घोटतात, वरून लाख चढवतात. लाखेतून दिसणारं कथील सोन्यासारखं झळकतं. तो पाळणा किंवा ते आसन घेणाऱ्याला ते सोनं नाही हे माहीत असतं, देणाऱ्यालाही असतं. त्यात कुणाची फसवणूक नाही. उलट शहरातल्या फर्निचरच्या दुकानांत नव्या लाकडाला चरे पाडून, कोपरे झिजवून, जुनाट रंग देऊन ‘आजोबांच्या काळातलं’ म्हणून विकतात, तेव्हा रंग थोडा आणि खोटं फार असतं. रंग दोन्हीकडे आहे. फरक पडतो तो पुढच्या माणसाला आपण काय कळू देतो आणि काय नाही, यामुळे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. १९६६ साली तिचं काम पुरं झालं. संपादकांपुढे शेकडो हस्तलिखितं होती आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. त्यांना कुठला तरी पाठ निवडावाच लागला. न निवडता आवृत्ती निघाली नसती. पण जिथे खात्री कमी होती, तिथे त्यांनी शब्दाखाली नागमोडी रेघ दिली, आणि नाकारलेले पाठ तळाशी छापले. विद्यार्थिदशेत ती रेघ मला किरकिरी वाटायची. आता वाटतं, जुन्या वस्तूला हात लावणाऱ्याकडून एवढीच अपेक्षा रास्त आहे. निर्णय घे, पण तो निर्णय आहे हे दिसू दे, आणि जमेल तिथे तो फिरवण्याची सोय ठेव. रोमच्या जतनसंस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी चित्रांबद्दल हेच मानत. त्यांच्या संस्थेत चित्रातला गळालेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरत: लांबून चित्र सलग दिसावं, जवळून भरलेला भाग वेगळा ओळखू यावा, आणि जलरंगात असल्यामुळे पुढे कुणाला नको वाटला तर काढताही यावा.

हे झालं उरलेल्या अर्ध्याबद्दल. गेलेल्या अर्ध्याला यातलं काहीच लागू नाही.

शेजारच्या बांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बरं झालं की. तितक्या बायकांची उधारी फिटली.” त्या समजूत घालत होत्या. पण उधारी अशी फिटत नाही. देणं दोनच जण संपवू शकतात: ज्याने घेतलं तो परत देऊन, किंवा ज्याने दिलं तो सोडून देऊन. तिसऱ्या माणसाने कागद फाडला तर देणं मिटत नाही, फक्त ते होतं हे कुणाला कळत नाही. हिरवा रंग मारणाऱ्याने कदाचित माफ केलं. मी काहीच माफ केलं नाही. तो माझा अधिकारच नव्हता. आणि ज्यांनी पैसे फेडले होते, ज्यांच्या नावांवर रेघ होती, त्यांचं फेडणंही मी त्याच पाण्यात ओतलं. फेडल्याचा पुरावा गेल्याचं नुकसान फेडणाऱ्याचं असतं, हे बांच्या हिशोबातून सुटलं होतं.

खाडियात जाऊन पोळापोळांतून चौकशी करावी, असंही मनात आलं. नावं आहेत, एखादं घर सापडेलही. पण जाऊन सांगायचं काय? तुमच्या आजीकडे सात रुपये चार आणे येणं होतं? जे एका माणसाने झाकणाच्या आत ठेवलं, ते मी दारोदार वाचून दाखवायचं? म्हणूनच ती नावं इथेही नाहीत. ती मी वहीत उतरवून ठेवली आहेत. जपणं आणि मिरवणं यांत अंतर ठेवावं लागतं, आणि लिहिणाऱ्या माणसाला ते ठेवणं जड जातं. चांगला मजकूर हाती लागलेला असतो.

शेवटी ताईला फोन केला. ती एका वाक्यात म्हणाली, “अगं, दुसऱ्याची उधारी काय रुखवतात मांडायची?” तिचंही बरोबर होतं. नव्या संसाराच्या पहिल्या दिवशी अनोळखी बायकांची थकबाकी समोर ठेवणं, हा माझ्या पश्चात्तापाचा खर्च भाचीच्या अंगावर टाकणं झालं असतं. ताईचं म्हणणं होतं, आतूनही रंगव आणि विसरून जा.

मी बाहेरून पेटी रंगवली. कुसुंबी रंग, पिवळी वेल, ठरल्याप्रमाणे. आतल्या अक्षरांना काहीतरी संरक्षण हवं होतं. मिस्त्री म्हणाला, स्पिरिट पॉलिशचा एक हात मारा. आधी कोपऱ्यातल्या एका पुसट ठिपक्यावर कापसाने स्पिरिट लावून बघितलं, ठिपका पसरला. तो रंग स्पिरिटमध्येही विरघळतो. म्हणून अक्षरांवर काहीच लावलं नाही. झाकणाच्या मापाची पातळ प्लायची फळी कापून घेतली, तिच्यावर हिरवा इरकली खण चढवला आणि लाकडापासून किंचित अंतर राहील अशी चार पितळी स्क्रूंनी आतून बसवली. झाकण उघडलं की खण दिसतो. स्क्रू काढले की नऊ ओळी दिसतात, आणि त्यांच्या शेजारी कोरं लाकूड. खणाच्या मागच्या बाजूला मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: डावीकडेही मजकूर होता, तो अमुक महिन्यात माझ्या हातून गेला. खाली माझं नाव.

रुखवतात पेटीचं कौतुक झालं. खण सगळ्यांना आवडला. भाचीला मी आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं. तिने स्क्रू काढले नाहीत. नुसता खणावरून हात फिरवला. मग म्हणाली, “मावशी, डावीकडे किती नावं होती?”

मी उजवीकडच्या ओळींवरून अंदाज सांगायला गेले. नऊ असतील, दहा असतील. मग थांबले आणि म्हटलं, “माहीत नाही.”